कुणी 'घटनेत लिहिलंय' म्हटलं की कलम कसं तपासावं

मी कळंब तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची सचिव आहे. मागच्या वर्षी देशी दारूचं दुकान बंद करा म्हणून आम्ही बाया एका कार्यालयात गेलो होतो. मी ठणकावून म्हणाले, "घटनेतच दारूबंदी आहे, साहेब." साहेबांनी विचारलं, "कितवं कलम?" मला सांगता येईना. तसंच माघारी आलो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटातलं मराठी संविधान मागून आणलं.

आधी आकडा काढायचा. पुस्तकात कलमाला 'अनुच्छेद' म्हणतात. दारूबंदी ४७ मध्ये सापडली. मग तो अनुच्छेद कोणत्या भागात आहे ते बघायचं. गफलत इथंच होते. भाग तीनमधला मूलभूत हक्क डावलला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं. ४७ मात्र भाग चारमध्ये आहे आणि त्याच भागातला ३७ सांगतो की इथल्या गोष्टी कोर्टातून वसूल करता येत नाहीत, पण कायदे करताना त्या पाळणं राज्याचं कर्तव्य आहे. म्हणजे मी खोटं बोलले नव्हते, अर्धं बोलले होते. दुकानाला टाळं लावायची वाट राज्याच्या २००८ च्या आदेशात आहे: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दुकान बंद करा या चिन्हाला, पडायला हवीत.

पानाखालच्या बारीक तळटीपा सोडू नका, नंतरच्या दुरुस्त्या तिथं कळतात. "आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं" हे मोंढ्यात रोज ऐकू येतं. ३३४ उघडा. ती मुदत लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची आहे; शिक्षण आणि नोकरीच्या १५, १६ मध्ये मुदतच नाही. आमच्या प्रतीत ती ७० वर्षं छापलेली होती, कारण प्रत जुनी. १०४ व्या दुरुस्तीने ती ८० झाली, म्हणजे जानेवारी २०३० पर्यंत. म्हणून पहिल्या पानावरचं छपाईचं साल बघून घ्या.

शब्दही बोट ठेवून वाचा. ३४३ मध्ये हिंदी संघराज्याची 'राजभाषा' आहे. 'राष्ट्रभाषा' हा शब्द तिथं नाहीच.

आमचा अर्ज आता लिहून झालाय. वरच्या आळीतल्या बाया ज्वारी काढायला गेल्यात, त्यांच्या सह्या रविवारी घेणार आहोत.