नोकरी सोडताना भीती चुकीच्या कलमाची वाटते

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, प्रोग्रामिंग करणारा मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या हातात घड्या घालून घालून मऊ पडलेला स्टॅम्प पेपर होता. सातपूरहून ऑफर आली होती, पगारही बरा होता. पण स्टॅम्पवर लिहिलं होतं: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं नाशिक जिल्ह्यात याच धंद्यातल्या कुठल्याही कंपनीत काम करणार नाही. "मॅडम, घर इथं, आई इथं. दोन वर्षं मी करू काय?"

मी विचारलं, जुन्या कंपनीचं काही तुझ्याकडे आहे का? त्यानं मोबाईल काढला. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेली ड्रॉइंग्ज. प्रत्येक पीडीएफच्या खालच्या कोपऱ्यात ग्राहक कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर. रात्रपाळीत मशीनजवळ बघायला सोपं जावं म्हणून घेतलेली, मनात काही वाईट नव्हतं. पण ज्या ओळीनं त्याची झोप उडवली होती तिच्यात फारसा दम नव्हता. दम होता तो या पीडीएफमध्ये.

"सही केलीय, म्हणजे अडकलो"

ही पहिली चूक. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. सही असो, स्टॅम्प असो, नोटरी असो. अपवाद आहे तो धंदा गुडविलसकट, म्हणजे नावलौकिकासकट, विकणाऱ्याचा. पगारी माणसाचा नाही. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची जुनी एजन्सी यांच्या वादात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं: करार संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारी अट टिकत नाही. "दोनच वर्षं" किंवा "फक्त नाशिक जिल्हा" असं लिहून अट सौम्य केली तरी फरक पडत नाही.

पण मुदत चालू असताना?

इथं मात्र सावध राहा. कल्याणच्या एका गिरणीत टायर कॉर्डचं काम शिकलेले गोलिकरी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं उरलेल्या मुदतीपुरती त्यांना तिथं तेच काम करायला केलेली मनाई कायम ठेवली. म्हणून आधी बघा, तुमच्या करारात ठरावीक वर्षांची मुदत आहे का, की नोटीस देऊन कधीही सुटता येतं. नोटीस पिरियडमध्येच नव्या कंपनीत हजेरी लावणारे मी पाहिलेत. हातात असलेली बाजू अशी घालवू नका.

बॉण्ड, म्हणजे ठरलेल्या वर्षांआधी सोडलं तर पैसे भरायची अट, हे वेगळं प्रकरण. एका सरकारी बँकेनं तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये अशी अट घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये वैध ठरवली. तरीही आकडा लिहिला म्हणजे तो आपोआप मिळतो असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. ट्रेनिंगवर खरंच काय खर्च झाला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

गुपितं नोकरीबरोबर संपत नाहीत

गोपनीयतेचं कलम राजीनाम्यानंतरही जिवंत राहतं, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. फरक कसा ओळखायचा? कुठलं मटेरियल कुठल्या फीडला, म्हणजे टूल सरकायच्या वेगाला, सोसेल हा अंदाज, मशीनच्या आवाजावरून टूल घासलंय हे कळणं, ही तुमची हातातली विद्या. ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्ट पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचं डिझाइन, कोटेशनमधले रेट, कंपनीनं स्वतः बसवलेली प्रोसेस शीट, ही कंपनीची. बाजारात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मात्र "गोपनीय" असा शिक्का मारून गुपित होत नाही.

शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलवर फाइली पाठवणं ही मला दिसणारी सगळ्यात महागडी चूक. वेळ, तारीख, फाइलचं नाव, सगळं सर्व्हरवर राहतं. परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधून डेटा उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नव्या साहेबानं मुलाखतीत "तुमच्याकडे रेट काय चालतो?" विचारलं तर ते सांगता येणार नाही, असं सरळ म्हणा.

फाइली आधीच घेतल्या असतील तर? घाबरून डिलीट करू नका, ते पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. त्या मुलानं कंपनीला मेल केला: कामासाठी घेतलेली अमुक ड्रॉइंग्ज माझ्या फोनमध्ये आहेत, कुणाला दिलेली नाहीत, तुमच्यासमोर काढून टाकतो. आयटीच्या माणसासमोर फोन साफ झाला आणि त्यानं तशी पोच लिहून घेतली.

मालकांनाही एक सांगते. आयटीआयची मूळ मार्कशीट कपाटात कुलूपबंद ठेवल्यानं गुपित राखलं जात नाही, कामगार फक्त दुखावतो. काय गोपनीय आहे ते नावानिशी लिहा, आणि ड्रॉइंगचं फोल्डर सगळ्यांना उघडं ठेवू नका.

वकिलाची नोटीस आली तर

ती कोर्टाची ऑर्डर नव्हे. पण गप्पही बसू नका. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. कंपनी तुम्हाला न ऐकताच मनाई हुकूम मागेल अशी शंका असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा करावं लागतं. मात्र त्याआधी कराराचं शेवटचं पान वाचा. कारखाना अंबडला असला तरी हेड ऑफिस मुंबईला किंवा पुण्याला असतं, आणि वाद तिथल्याच कोर्टात चालेल असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तसं असेल तर नाशिकला सीबीएस बस स्टँडजवळच्या आपल्या कोर्टात केलेलं कॅव्हेट तिथं उपयोगी पडणार नाही. कराराची कॉपीच जवळ नसेल तर एचआरकडे आजच मेलवर मागा, राजीनामा देण्याआधी.