होस्ट बदलल्यावर साइट उघडते, पण गुगलवरून गायब: माझा अनुभव

साइट झकास उघडत होती, उलट आधीपेक्षा वेगाने. पण होस्ट (साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते ती) बदलल्यावर आठवडाभरात गुगलवरून येणारे वाचक आटले. सर्च कन्सोल (साइट गुगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) यातल्या अहवालात कारण होतं: ‘नोइंडेक्स’ टॅगमुळे, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ या सूचनेमुळे, पानं वगळली.

साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) गुगलला तीनदा पाठवला, कॅशे (पानांच्या साठवलेल्या प्रती) पुसला. सर्च कन्सोलमधलं ‘चेंज ऑफ अ‍ॅड्रेस’ही उघडून बसलो (ते डोमेन बदललं तरच लागतं, नुसत्या होस्टबदलाला नाही). चार रात्री वाया.

शेवटी पानाचा सोर्स (मागचा कोड) उघडून ‘रोबोट्स’ शोधलं. मेटा टॅगमध्ये ‘नोइंडेक्स’ समोरच! नव्या होस्टवर चाचणीची प्रत करताना वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) यामध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग इथल्या सर्च इंजिनांना दूर ठेवणाऱ्या चौकोनात मीच टिक केली होती. तोच डेटाबेस पुढे खरी साइट झाला, टिकेसकट.

आधी टिक काढून सेव्ह केलं. मग कॅशे प्लगइन रिकामं केलं आणि त्यानंतरच सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाचकांना जवळून पुरवणारी सर्व्हरची साखळी). उलट केलंत तर सीडीएन प्लगइनकडून जुनंच पान पुन्हा उचलतो. इन्कॉग्निटोत सोर्स पाहून टॅग गेल्याची खात्री केली. सर्च कन्सोलमध्ये मुख्य पानाचा पत्ता तपासून ‘लाइव्ह टेस्ट’, ती हिरवी आल्यावर ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’, शेवटी अहवालात ‘व्हॅलिडेट फिक्स’.

या काळात रोबोट्स डॉट टीएक्सटी (सर्च इंजिनांनी काय वाचू नये ते सांगणारी फाइल) यामध्ये काहीही अडवू नका. गुगलला पान वाचताच आलं नाही, तर टॅग गेलाय हे त्याला कळणार कसं? जुनं होस्टिंगही लगेच बंद करू नका. तिथल्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदींत) गुगलबॉट, म्हणजे पानं वाचणारा गुगलचा प्रोग्रॅम, दिसेनासा झाल्यावरच मी ते बंद केलं.