नेमकं बोट ठेवणारं छोटं वाक्य कसं लिहावं

टोकदार वाक्य बसल्या बसल्या सुचतं, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. तसं ते सुचतं क्वचितच. बहुतेक वेळा एखादं लांबलचक, रटाळ वाक्य खोडत खोडत तिथवर पोचावं लागतं. हे खोडणं शिकता येतं, आणि मराठीत ते करताना एकदोन गोष्टी मुद्दाम सांभाळाव्या लागतात.

आधी टिपून ठेवा, तेही ऐसपैस

सुरुवात चमकदार शब्दांपासून करू नका. माणसं कशी वागतात, बोलतात एक आणि करतात दुसरं, हे जिथे दिसेल तिथे लिहून ठेवा. जर्मनीत गटिंगेनला पदार्थविज्ञान शिकवणारा गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग (१७४२–१७९९) आज त्याच्या छोट्या, धारदार नोंदींसाठी वाचला जातो. व्यापारी दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपतो आणि मग पक्क्या वहीत उतरवतो. लेखकानेही तसंच करावं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या या कच्च्या वह्या छापल्या गेल्या त्या त्याच्या मृत्यूनंतर. नोंद करताना वाक्य सुंदर व्हायला हवं हा ताण घेऊ नका. खरं पाहिलेलं लिहिलं गेलं पाहिजे, एवढंच.

समजा, वहीत ही नोंद आहे:

"बरेचदा असं दिसून येतं की जी माणसं आपल्याकडे सल्ला मागायला येतात, त्यांचा निर्णय मनात आधीच झालेला असतो आणि त्यांना आपल्याकडून फक्त संमती हवी असते."

निरीक्षण खरं आहे, पण वाचणाऱ्याला काही टोचत नाही. याच वाक्यावर काम करू.

मेख कुठे आहे ते शोधा

या नोंदीत दोन गोष्टी समोरासमोर उभ्या आहेत: मागितला जातो सल्ला, हवी असते संमती. बाकीचं सगळं गुंडाळलेलं कापड. ते सोडा:

"लोक सल्ला मागतात, पण त्यांना संमती हवी असते."

ज्या नोंदीत अशा दोन टोकांची ओढाताण सापडत नाही, तिच्यावर फार वेळ घालवू नका. तिचा परिच्छेद होईल, सुटं वाक्य होणार नाही.

शेवटची जागा कुणाची?

आता खरी मराठी अडचण. आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, आणि वाचकाच्या मनात सगळ्यात जास्त घुमतो तो शेवटचा शब्द. म्हणजे ज्या शब्दाने टोचायचं तो मधेच येऊन जातो आणि शेवटी राहतं "असते", "आहे", "होतं". आपल्या म्हणींनी यावर कधीच तोडगा काढलेला आहे. "उथळ पाण्याला खळखळाट फार." "अति तिथे माती." "नाचता येईना, अंगण वाकडं." तिन्ही ठिकाणी "आहे" किंवा "असतो" गाळलेला आहे, आणि तिन्ही ठिकाणी शेवटच्या शब्दावर सगळा भार आहे. तेव्हा क्रियापद गाळता येतं का पाहा. येत नसेल तर त्याला उचलून आधी बसवा:

"लोक सल्ला मागतात, हवी असते संमती."

"पण" गेलं, "त्यांना" गेलं. स्वल्पविरामाच्या थांब्यात वाचक स्वतःच "पण" म्हणतो, आणि ते त्याने म्हटलेलं जास्त चांगलं. मात्र ही उलटापालट प्रत्येक वाक्यात करू नका. चार ओळींत दोनदा झाली की ती नाटकी वाटते.

अजून एक पायरी बाकी आहे. "संमती" हा शब्द बरोबर आहे, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. संमती कशी दिसते? कागद आधीच लिहून तयार, आणि खाली मोकळी जागा.

"लोक सल्ला मागतात; हवी असते सही."

"सही" म्हटल्याबरोबर निर्णय आधीच झालेला आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि मूळ नोंदीतलं एक अख्खं उपवाक्य या दोन अक्षरांत मावतं. "सल्ला" आणि "सही" यांचा "स" जुळला, हा वरचा लाभ. असं यमक-अनुप्रास आपणहून आलं तर ठेवा; त्याच्यासाठी अर्थ वाकवू नका.

काय गाळावं, काय गाळू नये

"खरं तर", "एक प्रकारे", "कुठेतरी", "असं म्हणता येईल" हे बिनदिक्कत काढा. "च" कडे विशेष लक्ष द्या. एका ओळीत फार तर एक "च". दुसरा आला की दोघांचाही जोर जातो.

पण कमी शब्द एवढंच ध्येय धरलंत तर फसाल. सूत्र कसं असावं हे सांगणाऱ्या जुन्या संस्कृत श्लोकात "अल्पाक्षर" या गुणाच्या लगेच पुढे "असंदिग्ध" हा गुण सांगितला आहे. अक्षरं थोडी, तरी अर्थात गोंधळ नको. हे दोन गुण एकमेकांना खेचतात, म्हणूनच हे काम अवघड आहे. एक शब्द काढल्यावर वाचकाला दोनदा वाचावं लागत असेल, तर तो शब्द परत घाला.

खरं आहे का?

छोटं वाक्य ठाम वाटतं, आणि ठाम वाटणारं खोटं पटकन पचतं. त्यामुळे ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाक्य उलटं करून वाचा. "प्रेम म्हणजे वाट पाहणं" हे गोड वाटतं. "प्रेम म्हणजे वाट न पाहणं" हेही तितकंच गोड वाटतं. उलटं केलेलं तेवढंच खपत असेल, तर मूळ वाक्य काहीच सांगत नव्हतं. "लोक सही मागतात; हवा असतो सल्ला" हे मात्र लगेच खोटं वाटतं. म्हणजे आपल्या वाक्यात जीव आहे.

मग अपवाद आठवा. फ्रान्समधल्या ला रोशफुकोच्या छोट्या वचनांचा संग्रह १६६५ साली आला आणि १६७८ पर्यंत तो आवृत्तीमागून आवृत्ती त्यात फेरफार करत राहिला. आपले सद्गुण म्हणजे बहुतेकदा वेष पालटलेले दुर्गुण, असं तो म्हणतो, आणि त्यातलं "बहुतेकदा" त्याने गाळलेलं नाही. तो शब्द भरतीचा नव्हे. त्याच्याविना वाक्य खोटं पडलं असतं.

टोक कुणाकडे?

पहिल्या शतकात रोममध्ये मार्शल नावाचा कवी बोचऱ्या छोट्या कवितांसाठी गाजला. माणसांना वगळायचं आणि दुर्गुणांवर बोलायचं, हा आपला नियम त्याने लिहून ठेवला आहे. हा नियम पाळा. दुबळ्यावर मारलेला टोमणा कितीही नेटका असला तरी वाचक लिहिणाऱ्यापासून दूर जातो. आपल्या वाक्यात "लोक" आहे, म्हणजे लिहिणारा बाजूला उभा राहून बोट दाखवतोय. तो शब्द बदला:

"आपण सल्ला मागतो; हवी असते सही."

आता लिहिणाराही त्यात आला, आणि वाचकाला रागावायला जागा उरली नाही.

कुठे ठेवावं

एका परिच्छेदात असं एकच वाक्य पुरे. त्याच्या आधीची वाक्यं साधी, थोडी सैल असू द्यात. त्याच्यानंतर "म्हणजेच" म्हणून तेच पुन्हा समजावू नका. परिच्छेद तिथेच थांबवा. छापायला देण्याआधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने "म्हणजे?" विचारलं, तर खुलासा करत बसू नका, वाक्य पुन्हा कच्च्या वहीत टाका.