कॉल आला होता पोटदुखीचा – ईएमटी ट्रेनिंगला येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, बेळगावकडची बरीच पोरं आता ईएमटीच्या, म्हणजे अँब्युलन्समध्ये पेशंटला सांभाळणाऱ्याच्या, ट्रेनिंगला जातायत आणि मला सगळ्यात जास्त विचारतात ते पुस्तक कुठलं वाचू म्हणून. पुस्तक वाचाच, पण मला जे गाडीत बसल्यावर कळलं ते आधी सांगतो.

माझा ट्रेनिंगचा दुसरा महिना, पावसाळा, जांबोटीच्या बाजूला पहाटेचा कॉल. पोटात दुखतंय, एवढंच सांगितलेलं. पोरगा सतरा-अठराचा, पहाटेपासून कळा आणि एक उलटी. मी बीपी घेतला, ठीक. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 97. मी मनात अ‍ॅसिडिटी धरून मोकळा झालो होतो. सिनियर दादा मात्र त्याच्या तोंडाकडेच बघत होते, म्हणाले "बाळा, वर बघ की जरा". त्याला पापण्याच उचलेनात. मग दादांनी आईला विचारलं, "मावशी, रात्री खाली झोपला होता काय?" होता, जमिनीवर अंथरूण टाकून.

मण्यार साप चावला होता. अंगावर खूण शोधून सापडली नाही, आणि मण्यारीचं असंच असतं, रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड, मग गिळता येत नाही, मग श्वास. म्हणून पावसाळ्यात आपल्याकडं पहाटेच्या पोटदुखीला खाली झोपला होता का हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. घरच्यांनी मांडीला दोरी करकचून बांधायची तयारी केली होती, ती थांबवली. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही आणि चालत गाडीपर्यंत आणायचं नाही.

गाडी अर्ध्या वाटेत असताना त्याचा श्वास उथळ झाला आणि दादांनी अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, माझ्या हातात दिली. सरावाच्या पुतळ्यावर शंभरदा केलेलं, पण खऱ्या माणसाचा जबडा डाव्या हाताच्या तीन बोटांनी वर धरून, अंगठा नि तर्जनीनं मास्क दाबून, खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीत हवा द्यायची म्हणजे बोटं बधिर होतात. घाबरलं की हात भराभर दाबतो, मीही तेच केलं, दादा ओरडले, छाती वर येते काय बघ! मोठ्या माणसाला सहा सेकंदांना एक, मिनिटाला दहाच, आणि बॅग पूर्ण पिळायची नाही, छाती जराशी उचलली की सोडायची, नाहीतर हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुफ्फुसात गेली की संपलं. दादा पूर्ण वेळ त्या पोराशी बोलत होते, कारण मण्यारीत डोळे मिटलेले आणि हातपाय लुळे असले तरी पेशंटला सगळं ऐकू येत असतं. त्याच्यासमोर "गेला गेला" असलं काही बोलायचं नाही, नातेवाइकांनाही बोलू द्यायचं नाही.

ऑक्सिजनचं गणित त्या दिवशी कळलं. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण 1500 लिटर, मिनिटाला 10 लिटरनं सोडला तर अडीच तास, काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. कणकुंबीच्या पुढून चोर्ला घाटातून पेशंट आणायचा असेल तर हा हिशोब निघायच्या आधी झालेला पाहिजे. ड्युटी घेतल्या घेतल्या काटा बघा, सिलिंडरची चावी जागेवर आहे का बघा, तोंडातली उलटी-लाळ ओढून काढायचं सक्शन मशीन चालू करून बघा, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख बघा. आधीच्या शिफ्टनं सगळं ओके म्हणून सांगितलं तरी स्वतः बघा, मी एकदा चावीविना अडकलोय.

ग्लुकोमीटरचं सांगायचं तर, शुद्ध हरपलेला किंवा बडबडणारा कुठलाही पेशंट असो, पहिल्या पाच मिनिटांत साखर बघायचीच. हायवेला पडलेला माणूस प्यालाय म्हणून लोक बाजूला होतात आणि त्याची साखर चाळीस, म्हणजे फारच कमी, असते.

आणि कन्नड शिका, अगदी मनापासून सांगतो. मी मराठी शाळेत शिकलो, पहिले सहा महिने गोकाक-बैलहोंगलकडच्या आज्ज्यांपुढं गप्प बसायचो, पायलट मामा, म्हणजे गाडीचे ड्रायव्हर, बोलायचे. "एल्लि नोव ऐती?" म्हणजे कुठं दुखतंय, उसिरु म्हणजे श्वास, एदे म्हणजे छाती, हावु म्हणजे साप. एवढ्यावर सुरुवात होते. खानापूरच्या म्हाताऱ्या माणसाला उलट मराठीतच विचारलं की तो घडाघडा सगळं सांगतो, औषधाच्या गोळ्यासुद्धा पिशवीतून काढून दाखवतो.

शेवटचं म्हणजे वेळ लिहिणं. कागद भिजतो, हरवतो, म्हणून दादांनी माझ्या पँटवर मांडीला चिकटपट्टी लावायला सांगितलेली आणि पेन खिशात. पापण्या जड, 6.10. बोलणं अस्पष्ट, 6.20. बॅग सुरू, 6.35. निघतानाच फोन करून ठेवल्यामुळं कॅज्युअल्टीच्या दारात डॉक्टर उभ्याच होत्या, श्वासनळीत ट्यूब टाकायची तयारी झालेली. त्यांनी पहिलंच विचारलं, पापण्या कधीपासून? मला तोंडानं काही सांगता येईना, हात तर बॅगवरच होते. दादांनी माझ्या मांडीवरची पट्टी ओढून काढली आणि डॉक्टरांनी ती तशीच केसपेपरवर चिकटवली.