फ्लॅटमध्ये ट्यूब अ‍ॅम्प : टोन राखून आवाज कसा कमी करावा

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत माझा गिटारचा १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) पहिल्यांदा मनासारखा वाजला, आणि पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. "वाजवतोस छान रे, पण आमच्या मांडणीवरची भांडी थरथरतायत," एवढंच म्हणाल्या. पुढचं वर्षभर मी आवाज उतरवण्याचे बहुतेक मार्ग करून पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली : आपला टोन, म्हणजे आवाजाचा पोत, अ‍ॅम्पच्या कुठल्या भागात तयार होतो ते आधी शोधायचं आणि आवाज त्याच्या पुढे कुठेतरी कमी करायचा.

थोडं गणित करूया, पैसे वाचतील. गिटारचा १२ इंची स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर साधारण ९७ ते १०० डेसिबल देतो. पूर्ण १५ वॅट सोडले की त्यात फक्त १२ डेसिबलची भर पडते. वॅट निम्मे केले तर जेमतेम ३ डेसिबल उतरतात. कानाला आवाज निम्मा वाटायला वॅट दहापट कमी करावे लागतात. बैठकीच्या खोलीत ७५ डेसिबल पुरेसे होतात आणि तेवढ्याला वॅटचा शंभरावा भागही लागत नाही. म्हणून "१ वॅटचा अ‍ॅम्प घे, प्रश्न मिटेल" या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. तोही पूर्ण उघडला की ९७ डेसिबलवर जातो.

पहिलं काम : टोनचा उगम शोधा

घोडबंदर रोडवरची एक जॅमरूम मी दोन तास भाड्याने घेतली आणि अ‍ॅम्प तिथे नेला. गेन (सुरुवातीच्या भागाला किती जोर द्यायचा ते ठरवणारा नॉब) कमी, मास्टर (त्याच्या पुढचा व्हॉल्यूमचा नॉब) पूर्ण ठेवून वाजवलं. मग गेन जास्त, मास्टर कमी. तुम्हीही हेच करा. दुसऱ्या प्रकारातला आवाज आवडला तर तुमचा टोन प्रीअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागातल्या १२एएक्स७ सारख्या छोट्या ट्यूबमध्ये तयार होतो. मग मास्टर व्हॉल्यूम खाली आणा, काम झालं. पहिला प्रकार आवडला तर ईएल८४ किंवा ६व्ही६ सारख्या, स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मिळून तो टोन देतात. खरी अडचण इथे आहे.

दुसरं काम : फुकटात होईल ते करा

अ‍ॅम्प जमिनीवरून उचला. जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प स्लॅबमधून खालच्या घरात शिरतो. मजबूत स्टूल, त्यावर जाड फोम, आणि स्पीकर कानाच्या दिशेने तिरका. स्पीकरची ट्रेबल सरळ रेषेत जाते. अ‍ॅम्प पायाशी असला की ती गुडघ्यांवर आदळते, आपल्याला आवाज मंद वाटतो आणि हात नॉबकडे जातो. नुसत्या या बदलाने माझा नॉब बराच खाली आला.

तिसरं काम : कानाचा हिशेब धरा

फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान झाला की कानाला बेस फार कमी आणि ट्रेबल थोडी कमी ऐकू येते. 'टोन गेला' असं वाटतं त्यातला मोठा वाटा या गोष्टीचा असतो. उपकरणाचा दोष तितका नसतो. म्हणून दोन मार्गांची तुलना करताना मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप समोर ठेवा आणि दोन्ही एकाच डेसिबलवर आणा. असं केलं नाही तर जे मोठं तेच चांगलं वाटतं.

आता विकत घ्यायच्या गोष्टी. अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर ट्यूब यांच्या मधे उपकरण जोडायची सोय) असेल तर त्यात एक साधी व्हॉल्यूमची डबी लावता येते. आत एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून सोल्डरिंग जमणारा कुणीही ती बनवेल. काम मात्र मास्टर व्हॉल्यूमचंच होतं, पॉवर ट्यूब शांतच राहतात. ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाजाला खरखरीत धार देणारी पायाखालची डबी) आणि स्वच्छ अ‍ॅम्प ही जोडीही त्याच जातीची. रोजच्या रियाजाला मला ती पुरते.

पॉवर ट्यूबचा टोन हवा असेल तर अटेन्युएटर घ्या. तो अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या मधे बसतो आणि जास्तीची शक्ती उष्णतेत घालवतो. प्रकार दोन. साधा, रेझिस्टरचा अटेन्युएटर स्वस्त असतो, पण खऱ्या स्पीकरचा विरोध (ओहममध्ये मोजतात तो) प्रत्येक स्वराला वेगळा असतो : खाली १०० हर्ट्झच्या आसपास तो उसळतो आणि वर ट्रेबलकडे चढत जातो. ट्यूब अ‍ॅम्प त्या चढउतारांना दाद देतो. रेझिस्टर सपाट असल्यामुळे ती दाद नाहीशी होते आणि आवाज ब्लँकेट टाकल्यासारखा होतो. रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारात कॉइल आणि कपॅसिटर स्पीकरची नक्कल करतात. ६ ते १० डेसिबल उतरवेपर्यंत मला दोन्हींत फारसा फरक जाणवला नाही. त्याहून जास्त उतरवायचं तर रिअ‍ॅक्टिव्हच घ्यावा. घेताना किती डेसिबलचा उतार मिळतो ते विचारा. टू नोट्स कंपनीच्या कॅप्टर या उपकरणामध्ये तो २० डेसिबल असा ठरलेला आहे. पूर्ण उघडलेला माझा अ‍ॅम्प तेवढ्यानेही ८९ च्या आसपासच येतो. फार उतरवलं की स्पीकरचा कागद हलेनासा होतो, आणि त्याचा स्वतःचा गोडवा कुठलाच अटेन्युएटर परत देत नाही.

जोडणी अशी : अ‍ॅम्प बंद करा. अ‍ॅम्प, अटेन्युएटर आणि स्पीकर यांचे ओहम जुळतात का पाहा. ८ ला ८, १६ ला १६. गिटारची केबल वापरू नका, स्पीकरची जाड केबल वापरा. अटेन्युएटरची क्षमता अ‍ॅम्पच्या वॅटच्या दुप्पट धरा, कारण पूर्ण उघडलेला अ‍ॅम्प लिहिलेल्यापेक्षा जास्त देतो. तो तापतो, त्याला मोकळी हवा द्या. पॉवर ट्यूबही लवकर झिजतात, तो खर्च धरून चाला. स्पीकर किंवा लोड (स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पची शक्ती घेणारं उपकरण) न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अ‍ॅम्प उघडून आत हातही घालू नका. कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात. चारपैकी दोन पॉवर ट्यूब काढायची युक्ती लोक सांगतात. त्याने ओहमचं गणित बदलतं आणि मिळतात फक्त ३ डेसिबल, मी त्या वाटेला जात नाही.

रात्रीचं वेगळं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. तेव्हा स्पीकर काढून लोड बॉक्स लावा, त्यातून आवाज कॉम्प्युटरवर घ्या, तिथे स्पीकर कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नक्कल) लावा आणि हेडफोनवर ऐका. अंगावर येणारी हवा मिळत नाही, पण ट्यूब पूर्ण कामाला लागतात आणि बोटांना ते लगेच कळतं.

सगळं बसवून झाल्यावर मित्राला वर वाजवायला सांगितलं आणि मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. गिटार जवळजवळ ऐकूच येत नव्हती. येत होती ती फक्त खालच्या स्वरांची घुमघुम. वर फोन करून बेसचा नॉब ५ वरून ३ वर आणायला सांगितला, तेव्हा मांडणी शांत झाली.