एसएसएचने दूरच्या राउटरवर लॉगिन कसे करावे

राउटर शेजारच्या इमारतीत असो की परगावी, एसएसएच या कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) लॉगिन पद्धतीने त्याची कमांड लाइन आपल्या टर्मिनलवर उघडते. टेलनेट या जुन्या पद्धतीनेही उघडते, पण त्यात पासवर्ड उघडाच जातो आणि वाटेत पॅकेट पकडणाऱ्याला तो सरळ वाचता येतो. म्हणून टेलनेट बंदच ठेवा.

पहिली तयारी राउटरला थेट जोडणारी कन्सोल केबल लावूनच करावी लागते. सिस्कोच्या बहुतेक उपकरणांवर वेग ९६०० बॉड, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. वेग चुकला की स्क्रीनवर नुसती चित्रविचित्र चिन्हे उमटतात. आधी होस्टनेम आणि डोमेन नेम द्या, मग २०४८ बिटची आरएसए की (कूटबद्धतेची किल्ली) तयार करा. हा क्रम उलटला तर की बनत नाही. नवखे बहुधा इथेच अडकतात. त्यानंतर युजर तयार करा आणि व्हीटीवाय लाइनवर (दूरून लॉगिन जिथे येते ती आभासी लाइन) ‘लॉगिन लोकल’ व ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ द्या.

आता आपल्या टर्मिनलवर ‘एसएसएच’, एक स्पेस, मग युजरनेम, @ आणि आयपी पत्ता सलग टाइप करा. पहिल्यांदा टर्मिनलवर डिव्हाइसच्या कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, दिसते. ही पहिली जोडणी शक्यतो त्याच नेटवर्कवर बसून करा आणि फिंगरप्रिंट टिपून ठेवा. पुढे कधी ‘होस्ट की बदलली’ असा इशारा आला, तर डिव्हाइस किंवा की खरेच बदलली आहे का ते पाहा. तोवर पासवर्ड देऊ नका.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा तुम्ही डिव्हाइसपर्यंत पोचलात, पण पोर्ट २२ वर एसएसएच चालू नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही: पत्ता, रूट, फायरवॉल तपासा. ‘नो मॅचिंग की एक्स्चेंज’ म्हणजे की ठरवण्याची दोन्हीकडची पद्धत जुळत नाही; हे जुन्या डिव्हाइसवर येते. जुनी पद्धत फक्त त्याच पत्त्यापुरती चालू करा, सरसकट नको.

खरा धोका लॉगिननंतर असतो. ज्या इंटरफेसवरून आत आलात त्याचाच आयपी किंवा ॲक्सेस लिस्ट (कोणाला आत येऊ द्यायचे त्याची यादी) बदललीत, तर स्वतःच बाहेर फेकले जाल. सिस्कोवर आधी ‘रीलोड इन १०’ द्या आणि मगच बदल करा, पण सेव्ह करू नका. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर परत येतो. सगळे जुळले, तर नव्या खिडकीतून पुन्हा लॉगिन करून पाहा, मग ‘रीलोड कॅन्सल’ आणि शेवटी सेव्ह.

सेशन गोठले तर एंटर, ~ आणि टिंब, या क्रमाने दाबा. ओपनएसएसएच (टर्मिनलवरचा नेहमीचा एसएसएच प्रोग्राम) तिथल्या तिथे बाहेर पडते.