कायरल कार्बन डॉट्स बनवताय? आधी डायलिसिसचं बाहेरचं पाणी बघा

उजव्या सोंडेचा गणपती आरशासमोर ठेवला की आरशात डाव्या सोंडेचा दिसतो, कसाही फिरवा, एक दुसऱ्यासारखा होत नाही. कायरल म्हणजे एवढंच. कार्बन डॉट्स म्हणजे साधारण 10 नॅनोमीटरच्या आतले कण, यूव्हीखाली छान चमकतात, आणि त्यांना हा डावा-उजवेपणा द्यायचा सोपा मार्ग म्हणजे एल-सिस्टीन, हे स्वतःच कायरल असलेलं अमिनो ॲसिड.

1.92 ग्रॅम निर्जल सायट्रिक ॲसिड आणि 1.21 ग्रॅम एल-सिस्टीन, म्हणजे दोन्ही 10-10 मिलिमोल (हायड्रोक्लोराइडवालं घेतलं असेल तर वजन परत काढा), 25 मिली डीआय वॉटरमध्ये (क्षार काढलेलं शुद्ध पाणी) विरघळवून 50 मिलीच्या टेफ्लॉन ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणारं बंद भांडं). मी 140 डिग्रीला 5 तास ठेवते. तापमान जास्त चढवलं तर कार्बन जास्त बनतो पण सिस्टीनची कायरॅलिटी मोडत जाते. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, आणि फ्यूम हूडमध्येच उघडा, सल्फरचा वायू असतो आत.

आता चमक बघायला यूव्ही टॉर्च. पुण्यात तपकीर गल्लीत शोधा, पण 365 नॅनोमीटरचीच मागा, 395 वाली स्वतःच इतका जांभळा उजेड टाकते की सॅम्पलचा काही कळत नाही.

आणि इथे खरी गोष्ट. माझी पहिली बॅच इतकी निळी चमकली की मी रात्री सगळ्यांना फोटो पाठवले, मग 1000 डाल्टनच्या पिशवीत (त्याहून लहान रेणू तिच्यातून बाहेरच्या पाण्यात निघून जातात) डायलिसिसला लावली आणि सकाळी बघते तर चमक सगळी बाहेरच्या बीकरमध्ये, पिशवी जवळपास अंधारी. कारण सायट्रिक ॲसिड आणि सिस्टीन मिळून एक छोटा थायाझोलोपिरिडीन रेणू बनतो, तो एकटाच जबरदस्त निळा चमकतो, डॉटशी त्याचा संबंध नाही. म्हणून दोन दिवस पाणी बदलत राहा, बाहेरचं पाणी टॉर्चखाली काळं दिसेपर्यंत. पिशवीत उरेल तेवढाच उजेड तुमचा.

फ्लुओरेसन्स घेताना नुसत्या पाण्याचा ब्लँक (तुलनेसाठीचं मोजमाप) घ्याच, 350 नॅनोमीटरला एक्साइट केलं की पाण्याचा रामन पीक (पाण्याने विखुरलेल्या उजेडाचा) 397 च्या आसपास येतो आणि तो डॉटचा वाटतो.

कायरॅलिटीसाठी एल- सोबत डी- (एल-चं आरशातलं रूप) आणि डीएल-सिस्टीनची (दोन्हींचं समान मिश्रण) बॅचही करा. डी- महाग आहे, तरी करा. सीडीमध्ये (सर्क्युलर डायक्रोइझम, डाव्या-उजव्या फिरत्या प्रकाशाच्या शोषणाचं मोजमाप) एल- आणि डी- आरशातल्यासारखे उलटे यायला हवेत, डीएल- सपाट, आणि 250 नॅनोमीटरच्या पुढे नवा पीक असेल तरच बोला, त्याच्या खालचा सिग्नल साध्या सिस्टीनचाही असू शकतो.

पण सीडी म्हणजे शोषणातला फरक. बाहेर पडणारा उजेडही डावा-उजवा आहे का हे फक्त सीपीएल (सर्क्युलरली पोलराइज्ड ल्युमिनेसन्स) सांगतं. जी-फॅक्टर (डाव्या-उजव्या उजेडातल्या फरकाचं माप) 0.001 असेल तर 2000 फोटॉनमागे फरक एकाचा, डोळ्याला किंवा थ्रीडी चष्म्याला तो दिसणार नाही. सीपीएलला पाठवताना तिन्ही बाटल्या एकत्र पाठवा, ॲबसॉर्बन्स सारखा करून.